सुईण अडाणी होती, की तिला अडाणी ठेवले गेले?

५ मे हा जागतिक सुईण दिन आणि १२ मे हा परिचारिका दिन. यंदा परिचारिका दिनाच्या एका कार्यक्रमाला आम्ही चौघे कार्यकर्ते गेलो होतो. पिंपरीतले सभागृह, पुढच्या रांगांत पांढऱ्या गणवेशातल्या मुली, बहुतेक बीड, लातूर, बुलढाण्याकडून शिकायला आलेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेला हार घातला गेला. सावित्रीबाईंची प्रतिमा नव्हती, पण त्याबद्दल आज बोलत नाही. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले की, या देशात बाळंतपणाचे शास्त्र लेडी डफरिन यांनी आणले, आणि त्याआधी अडाणी, घाणेरड्या दायांच्या हातून बायका मरत होत्या. टाळ्या पडल्या.

आमच्यासोबत एक एएनएम ताई होत्या, मातंग समाजातल्या. त्यांची आजी गावची सुईण. त्यांनी टाळी वाजवली नाही. परतताना बसमध्ये एवढेच म्हणाल्या, "माझ्या आजीला कोणी शिकवलं असतं तर ती शिकली नसती का?"

त्या पाहुण्यांना तिथेच उत्तर द्यायला हवे होते. पण आभारप्रदर्शन सुरू झाले होते, आणि माईक आपल्यापर्यंत सहसा येत नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, सुईण होती कोण? गावगाड्यात नाळ कापणे हे काम होते की जात? महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ते मांग स्त्रियांकडे होते, काही ठिकाणी महार, न्हावी किंवा इतर जातींच्या बायकांकडे. इंग्रजांच्या जातिवर्णनाच्या ग्रंथांतही मांग स्त्रियांच्या नावापुढे हे काम नोंदलेले सापडते. ज्या बाईच्या सावलीचा एरवी विटाळ व्हायचा, तिच्याच हातांत सवर्णाचे बाळ पहिल्यांदा यायचे. हे कसे चालायचे? चालायचे, कारण बाळंतिणीची खोलीच तेवढे दिवस विटाळात असायची. सोयर फिटेपर्यंत ती खोली जातीच्या शिवेबाहेर. सुईणीला त्या खोलीत प्रवेश होता तो तिच्या ज्ञानाला मान म्हणून नव्हता. रक्त, वार, मळलेली लुगडी ही घाण उचलायला घाणीतलीच माणसे हवीत, हा त्यामागचा हिशोब. बाळाला आंघोळ घालून झाली की तीच बाई पुन्हा अंगणाबाहेर. मोबदला शेर-पसा धान्य, एखादा खण, कधी जुने लुगडे. मुलगी झाली तर तेही हात आखडून.

आता दुसऱ्या बाजूने बघा. त्याच सुईणीच्या वस्तीत बाळंतपण कसे होत होते? याचे उत्तर एका चौदा वर्षांच्या मुलीने देऊन ठेवले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्मावरचे तिचे प्रश्न आपल्या सभांमध्ये पुष्कळ सांगितले जातात. त्याच निबंधात ती बाळंतपणाबद्दलही लिहिते, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडी-पावसात त्यांचे काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती वाचकाला सांगते. आणि पुढे विचारते की बाळंतपणात रोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? फुकट औषध देईल असा तुमच्यात कोण वैद्य आहे?

सन पुन्हा बघा, १८५५. डफरिन फंड निघाला १८८५ साली. गरीब बाळंतिणीला वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, ही मागणी तीस वर्षे आधी मराठीत छापून आली होती आणि ती मांगवाड्यातून आली होती. ज्या समाजाला 'अडाणी दाया' म्हणून हिणवले, त्याच समाजाच्या मुलीने शास्त्र मागितले होते. द्यायला कोणी आले नाही.

१८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची गुप्तपणे बाळंतपणे तिथे झाली आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या हातांनी ती सेवा केली. ज्या कामाला विटाळ म्हणून दूर ढकलले होते, ते काम शिक्षिकेने, आपणहून, विटाळ न मानता केले. प्रशिक्षणाच्या इतिहासात या घराची नोंद होत नाही, कारण इथे प्रमाणपत्र दिले जात नव्हते. पण सुईणपणाला जातीतून सोडवणारे पहिले पाऊल पुण्यात शोधायचे असेल, तर आम्ही याच घराकडे बोट दाखवू.

आता रीतसर प्रशिक्षणाकडे येऊ. मद्रासच्या बाळंतपणाच्या रुग्णालयात सुईणींचे शिक्षण १८५४ साली सुरू झाले. पुढे अमृतसरला मिशनरी स्त्रियांनी दायांना शिकवण्याचा प्रयत्न केला. मुंबईत १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजचा दरवाजा मुलींना उघडला, १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झाले. तिथे डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टर होत्या, पुढे डॉ. रखमाबाईंनी तिथे काम केले. डफरिन फंडाची उद्दिष्टे तीन होती: स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण, स्त्रियांना वैद्यकीय मदत, आणि प्रशिक्षित परिचारिका व सुईणी पुरवणे. पुढे लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा राहिला, तो खास दायांच्या प्रशिक्षणासाठी. १९१८ साली त्याचा भलामोठा अहवाल निघाला. देशभरातल्या डॉक्टरांनी दायांबद्दल लिहिलेल्या तक्रारींनी तो भरला आहे.

या प्रयत्नांनी जीव वाचले, हे आम्ही नाकारत नाही. आमचे भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे.

मद्रासला सुईणींची शाळा निघाल्यावर दोनच वर्षांनी, १८५६ साली, आपल्या मुंबई इलाख्यात धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. त्याला तो नाकारला गेला. अर्ज सरकारपर्यंत गेला आणि सरकारने तो नकार मोडला नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लिखाणात मांडलेले आहे. म्हणजे मुलाला शाळेत घेत नाही, मुलीचा तर प्रश्नच नाही. मग तीच मुलगी मोठी होऊन सुईण झाली की तिला अक्षर येत नाही, तिला तापमापक वाचता येत नाही, ती शिकवण्याच्या लायकीची नाही, असे अहवालात लिहायचे. दरवाजा लावायचा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे की आत का आला नाहीस!

'घाणेरडी दाई' या शब्दाचाही हिशोब करू. दायांच्या पद्धतीत जीवघेण्या गोष्टी होत्या. विळ्याने किंवा बांबूच्या कामटीने नाळ कापायची, तिच्यावर राख किंवा शेण लावायचे, त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. जन्मानंतर साधारण आठवडाभरात बाळ ताठ व्हायचे आणि दोष सटवीवर जायचा. आमच्या आज्यांनी अशी बाळे पुरली आहेत. बौद्ध म्हणून सटवीची भीती आम्ही घरातून काढली, आणि जंतूंचे शास्त्र आम्हाला कोणाहून कमी प्रिय नाही. पण घाण जातीची होती की जंतूंची?

युरोपात काय चालले होते? व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी शिकत होत्या. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरामागे ११ पेक्षा जास्त बाळंतिणी मेल्या, सुईणींच्या विभागात ३ पेक्षाही कमी. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. बड्या डॉक्टरांना ते पटले नाही. सभ्य गृहस्थाचे हात घाण कसे असतील, हाच तर आक्षेप होता.

आणि ज्यांच्या प्रतिमेला त्या दिवशी हार घातला त्या नाइटिंगेलबाई? लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात १८६२ साली त्यांच्या निधीतून सुईणी तयार करण्यासाठी वॉर्ड सुरू झाला. सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या म्हणून तो १८६७ साली बंद करावा लागला. नाइटिंगेल यांनी मग आकडे गोळा केले, आणि रुग्णालयापेक्षा घरच्या बाळंतपणात कमी बायका मरतात हा निष्कर्ष १८७१ साली पुस्तकात छापला. त्यांच्या वॉर्डात बायका मेल्या म्हणून त्यांना कोणी घाणेरडी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. चुकीतून शिकण्याची संधी त्यांना मिळाली. आमच्या आजीच्या वाट्याला फक्त शिवी आली.

पगार, गणवेश, प्रमाणपत्र, वसतिगृह अशी सोय उभी राहिल्यावर त्या दारातून आत कोण गेले? पुण्यात १९०९ साली सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांनी विधवांना परिचारिका-सुईणीचे शिक्षण मिळावे म्हणून मोठा विरोध सोसला. रक्तामांसाचे काम आपल्या घरातल्या बाईने करायचे म्हणून सनातन्यांनी त्यांना छळले. त्या विधवांबद्दल आम्हाला आदर आहे, त्यांच्यावरही मनूचाच कायदा चालत होता. पण गंमत बघा. तेच काम मांगाची बाई करते तेव्हा ती घाण, आणि पांढरी साडी नेसलेली बाई करते तेव्हा ती सेवा. काम तेच, नाळही तीच.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी.साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. एवढ्या लहान वयात सातासमुद्रापार जाऊन शिकणाऱ्या त्या मुलीच्या जिद्दीला आमचा सलाम आहे. तरी प्रश्न उरतोच. मराठी मुलुखातली बाळंतपणे प्रत्यक्षात ज्या हातांनी होत होती, ते हात 'आर्य' या शब्दात कुठे बसतात? परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून येते. एका ओळीत. ती बाई कुठली, तिचे पुढे काय झाले, हे विद्यार्थिनीला कोणी सांगत नाही.

१९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. नाव नोंदवहीत असेल ती सुईण. पिढ्यानपिढ्या हे काम जिच्यावर लादले होते ती त्या वहीच्या बाहेर. १९४६च्या भोर समितीने देशात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता मरतात, वर्षाला साधारण दोन लाख, असा अंदाज दिला आणि प्रशिक्षित सुईणी पुरेशा होईपर्यंत दायांनाच शिकवून घ्या असे सुचवले. तात्पुरती सोय म्हणून. १९५१ साली एएनएमचा अभ्यासक्रम निघाला. १९७३च्या कर्तारसिंग समितीनंतर त्या बाईला बहुउद्देशीय आरोग्य सेविका केले गेले. मिडवाइफ हा शब्द नावात राहिला, पण कामाचे दिवस लसीकरण, कुटुंबनियोजन आणि रजिस्टरे भरण्यात जाऊ लागले. गावोगावच्या दायांना काही दिवसांचे वर्ग घेऊन एक पेटी दिली गेली. पगार नाही, पद नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर गेला, तेव्हा ती पेटीही कोपऱ्यात पडली.

इथे आमच्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात, हे कशाला उकरून काढता? बरे झाले ते काम सुटले. यात तथ्य आहे. उत्तर प्रदेशात दलितांनी नारा-मवेशी आंदोलन केले, म्हणजे नाळ कापणे आणि मेलेली जनावरे ओढणे या दोन्ही कामांना नकार दिला. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, तरी नकार मागे घेतला नाही. आमच्या स्वतःच्या पणजीने ५६च्या धर्मांतरानंतर पाटलाच्या वाड्यावरचे बोलावणे नाकारले होते. रात्री माणूस दारात उभा होता, आत बाई अडलेली होती. पणजी शेवटी गेली. पण धान्य घेतले नाही, आणि पुन्हा निरोप पाठवताना नावाने हाक मारायची, जातीने नाही, असे सांगून आली. बहात्तरच्या दुष्काळात आमचे घर पिंपरीला आले. पणजी ही गोष्ट कधी मिरवायची नाही, आणि तिला या कामाची लाजही नव्हती.

आता दुसरीकडे एक नवेच खूळ आले आहे. 'पारंपरिक दाईचे ज्ञान', 'नैसर्गिक प्रसूती' अशी पाटी लावून पैसेवाल्यांसाठी केंद्रे निघतात. दाईच्या हातांचे गोडवे गायले जातात, दाई मात्र तिथे दिसत नाही. आम्हाला हे गोडवेही नकोत. जातीने लादलेल्या कामाची परंपरा म्हणून पूजा करणे हा मनुवादाचाच गोड प्रकार आहे. ज्याला परंपरा म्हणता त्यात तिला नाही म्हणायची मुभा होती का, एवढे आधी सांगा.

म्हणजे आमची भूमिका अशी की, सुईणीचे काम हे ज्ञानाचे काम आहे. ते जन्माने मिळू नये, शिकून मिळावे. शिकण्याचा पहिला हक्क अशा मुलींचा, ज्यांच्या घरांनी ते फुकट केले. आणि शिकल्यावर कायम नोकरी, पूर्ण पगार.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तिथे मांडले. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आपण मात्र बाळंतपण हा 'बायकांचा विषय' म्हणून विहारातल्या महिला मंडळावर सोपवून मोकळे होतो.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात या. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. ज्या सूतिकाज्वराने जगभरच्या बाळंतिणी नेल्या, त्यावरचे पेनिसिलिन इथे बनू लागले. हे या मातीचे वैभव आहे. आणि आज इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, चाकणच्या खराबवाडी-नाणेकरवाडीच्या चाळींत, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी गरोदर बाई कोणाच्या भरवशावर आहे? आम्ही ओळखतो ती ताई परभणीची. एका छोट्या कारखान्यात ठेकेदारामार्फत हेल्पर होती. पाचवा महिना लागला, पोट दिसू लागले आणि गेट बंद झाले. कायद्याप्रमाणे बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिने त्याहून कितीतरी जास्त दिवस काम केले होते. पण दर काही महिन्यांनी ठेकेदाराचे नाव बदलायचे, मग कागदावर ती कायमच नवी. ईएसआयचे कार्ड हातात आलेच नाही. दिवस भरले तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यात रात्रभर बसली ती आशाताई, जिला स्वतःला पगार नाही, मानधन आहे.

बाळ आणि बाळंतीण सुखरूप आहेत. महाराष्ट्रात ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे लाख जन्मांमागे ३३ मातामृत्यू होतात. भोर समितीच्या काळाशी तुलना केली तर हा फार मोठा पल्ला आहे, तो मान्य केलाच पाहिजे. पण त्याच दवाखान्यांत साधारण चारातले एक बाळंतपण सिझेरियनने होते, आणि कळा देणाऱ्या बाईशेजारी बसायला माणूस नसतो. शिकलेली सुईण नेमकी इथे लागते. केंद्र सरकारलाही ते उमगले. २०१८च्या डिसेंबरात मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वे आली, परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण ठरले. दीडशे वर्षे जिला हाकलले तिची आठवण झाली. मात्र त्या प्रशिक्षणाला आधी परिचारिकेची पदविका किंवा पदवी हवी. खासगी कॉलेजची फी भरून ती पदविका घेणारी मुलगी खराबवाडीच्या चाळीत किती घरांत सापडेल?

म्हणून आम्ही एक निवेदन तयार केले आहे. शासकीय नर्सिंग संस्थांतल्या जागा वाढवा. अनुसूचित जातींच्या मुलींची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नाही, प्रवेशाच्या वेळी द्या. कंत्राटी एएनएमना कायम करा, आशांना वेतन द्या. चाकण आणि परिसरातल्या प्रत्येक ठेकेदाराकडच्या गरोदर कामगारांची नोंद कामगार आयुक्तालयाने तपासावी. आणि परिचारिकांच्या अभ्यासक्रमात मुक्ता साळवेचा निबंध लावा.

निवेदनावर सह्या घेण्यासाठी येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. पहिली सही एएनएम ताईंनी केली आहे. स्वतःच्या नावाखाली त्यांनी आजीचे नाव लिहिले आणि पुढे 'सुईण' असे लिहिले. अर्जाच्या नमुन्यात तशी जागा नव्हती, आम्ही ती राहू दिली.

जय भीम.